शेवटचे ताट

कालव्याचे पाणी कमी पडले की पहिली झळ कोणत्या शेताला लागते, हे आमच्या अंजनगाव सुर्जीच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. तो सांगेल, "टोकाच्या." घरातल्या अन्नाचेही असेच होते. कसे, ते एका साध्या गणिताने पाहू.

एका घरात आजी, वडील, आई व दोन मुले आहेत. रात्री ज्वारीच्या १२ भाकरी लागतात : वडील व आई यांना ३-३, बाकी तिघांना २-२. श्रावणात कणगीतली ज्वारी संपत येते. कापूस घरी यायला अवकाश असतो. निंदणाची मजुरीही रोज मिळत नाही. म्हणून आज भाकरी झाल्या १० च. तूट एक षष्ठांश. ती सर्वांनी सारख्या प्रमाणात सोसली, तर आईला अडीच भाकरी मिळतील. पण आई सर्वांना वाढून शेवटी जेवते. चौघांनी ९ खाल्ल्यावर तिला उरली १. म्हणजे तिची तूट दोन तृतीयांश, घराच्या तुटीच्या चौपट! घराची सरासरी काढून ही तूट दिसत नाही. मोजमाप ताटाजवळच करायला हवे.

आता ताटात काय उरते ते पाहा. टंचाईत आधी वरण, भाजी व दूध कमी होते. भाकर शेवटपर्यंत टिकते. पोट भरल्यासारखे वाटते, पण शरीराला लोह पुरत नाही. लोह नसेल तर हिमोग्लोबिन पुरेसे तयार होत नाही. मग रक्त प्राणवायू कमी वाहते आणि थोड्या कामानेही धाप लागते. मासिक पाळीत रक्त जात असल्याने स्त्रीला लोह अधिक लागते. २०२० च्या भारतीय शिफारशीनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीला २९. गरज जास्त आणि वाटा कमी! रक्तक्षयाला इतरही कारणे असतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ होते.

आमच्या उत्तरेला सातपुड्यात मेळघाट आहे. आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यातील मर्म ओळखा : शिधा घरी देण्याऐवजी एक वेळचे शिजवलेले जेवण अंगणवाडीत आईलाच वाढायचे. म्हणजे पाणी थेट टोकाच्या शेतात!

करून पाहा : आठवडाभर आपल्या घरी कोण केव्हा जेवते आणि शेवटच्या ताटात काय उरते, ते वहीत टिपा. मग एक आठवडा सर्वांनी एकाच वेळी पाने घ्या व पुन्हा टिपा. एकत्र बसल्याने १० भाकरींच्या १२ होणार नाहीत. त्यासाठी घरात धान्य व हाताला काम हवे. पण तूट एकट्या आईच्या वाट्याला येणार नाही. एवढे तर आज रात्रीपासूनच तुमच्या हाती आहे.