आठ मात्रांचा ठेका
लेझीम खेळताना आमची ओळ सारखी पुढे-मागे व्हायची. म्हणून गुरुजींनी आम्हांला केरवा ताल शिकवला. त्यात ८ मात्रा असतात : धा गे ना ती, ना क धी ना. पहिलीला टाळी, पाचवीला हात नुसता उघडायचा, बाकीच्या मनात मोजायच्या.

गुरुजी म्हणाले, "घरी वाद्य असेल तर आणा." आमच्या घरी हलगी आहे. बाबा लग्नात वाजवतात. पण शाळेत न्यायची मला लई लाज वाटली. मग बाबाच घेऊन आले. त्यांनी ती आधी जाळावर शेकली. ओलाव्याने कातडे सैल पडते, शेकले की ताणते आणि आवाज खणखणीत निघतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी.

गुरुजींनी सांगितले, पश्चिम आफ्रिकेतले जेंबे हातांनी वाजवतात, जपानचा ताइको काठ्यांनी. वाद्ये निराळी, पण मोजणी सगळ्यांनाच लागते.

आता लेझमीला हलगी मी वाजवतो. आमची ओळ चुकत नाही. तुम्हीही १ ते ८ मोजून पाहा. फक्त घाई करू नका, घाई केली की ताल मोडतो.