मानेतली गाठ आणि सीडी-४चा आकडा

१. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशकाच्या खुर्चीत बसलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘मॅडम, सीडी-४ किती आला?’ सीडी-४ म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशी. त्यांचा आकडा २००च्या खाली गेला की लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, धोका वाढतो, हे खरं. पण त्याचे बर्किट आणि हॉजकिन हे प्रकार बऱ्यापैकी सीडी-४ असतानाही होतात. ‘साडेचारशे आलाय, आता कसली भीती’ म्हणत गाठ अंगावर काढू नये.

२. गाठ, ताप, उशी भिजवणारा रात्रीचा घाम, उतरतं वजन. आपल्याकडे एवढं ऐकलं की सगळे टीबी म्हणतात, आणि बहुतेकदा तो असतोही. लिम्फोमा मात्र हुबेहूब हीच लक्षणं घेऊन येतो. एआरटी नवीन असताना टीबीची गाठसुद्धा फुगते, त्यामुळे नुसत्या अंदाजावर जाता येत नाही. टीबीच्या औषधांवर गाठ वाढतच राहिली, तर सुईच्या तपासणीवर भागवू नका, गाठ काढून तपासायच्या बायोप्सीचं विचारा. एक रिक्षावाले काका शर्टाची कॉलर वर करून गाठ झाकत यायचे. ‘चिरलं की पसरतं’ हे त्यांचं पालुपद. आम्ही समजावून थकलो. शेवटी बायकोने दटावलं तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर गेले.

३. एप्स्टीन-बार नावाचा विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून मुक्काम ठोकून असतो. टी पेशी त्याला दाबून ठेवतात. त्या घटल्या की तो डोकं वर काढतो. त्यात एचआयव्ही बी पेशींना सतत डिवचतो, त्या भराभर वाढतात आणि एखादी बिघडते, तिथून लिम्फोमा सुरू होतो. म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण, दाबलेला राहणं महत्त्वाचं.

४. केमो सुरू झाली की घरचे विचारतात, ‘एचआयव्हीच्या गोळ्या थोड्या थांबवू का?’ मनाने मुळीच नाही. पण एआरटीची पुस्तिका कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवाच. एचआयव्हीचं रिटोनाविर चालू असेल तर केमोतल्या व्हिन्क्रिस्टिनचा त्रास वाढतो, हातपाय बधिर होतात. एचआयव्हीच्याच झिडोवुडिनने आधीच रक्त कमी होतं, त्यात केमोची भर. लाजून एचआयव्ही लपवणारे पुष्कळ भेटतात. २०१७च्या कायद्याने एचआयव्हीपायी उपचार नाकारता येत नाहीत, हे त्यांच्या कानावर घालावं लागतं.

५. केमोत सीडी-४ पुन्हा घसरतो. सीडी-४ वाढल्यावर बंद झालेली, इतर संसर्ग टाळणारी सेप्ट्रानची गोळी परत सुरू झाली की माणूस हादरतो, ‘औषध लागू पडेना का?’ लागू पडतंय, ही घसरण केमोची आहे, हे पहिल्या केमोआधीच सांगून ठेवते.