उजाड वस्तीचा पुनरुद्धार

हेतू : वस्ती सुधारली तरी तिचे मूळ रहिवासी तेथेच राहिले पाहिजेत, ही जाणीव विद्यार्थ्यांस करून देणे.

विषयविवेचन : अमेरिकेतील बोस्टन शहराच्या रॉक्सबरी विभागात डडली स्ट्रीट ही वस्ती आहे. कृष्णवर्णीय, केप व्हर्द बेटांतून आलेले, स्पॅनिशभाषी व गोरे असे चार समाज तीत नांदत आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सधन कुटुंबे तेथून निघून गेली, बँका कर्ज देईनाशा झाल्या आणि विम्याच्या पैशाच्या लोभाने कित्येक घरांना आगी लावण्यात आल्या. सुमारे १३०० भूखंड ओस पडले. बाहेरचे लोक तेथे कचरा आणून टाकू लागले.

१९८५ साली सुधारणेची योजना जाहीर सभेपुढे आली. नियोजित मंडळात संस्थांचे प्रतिनिधी पुष्कळ होते, रहिवासी मात्र थोडे. मंडळींपैकी या वस्तीत राहणारे किती, असा प्रश्न लोकांनी विचारला. तेव्हा मंडळाची रचना बदलावी लागली. रहिवाशांच्या जागा वाढल्या व चारही समाजांस त्या समान मिळाल्या. १९८६ साली लोकांनी प्रथम कचऱ्याविरुद्ध मोहीम काढली. पुढील वर्षी वस्तीचा आराखडा त्यांच्या सहभागाने सिद्ध झाला. १९८८ साली ठराविक क्षेत्रातील ओसाड खाजगी भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकार शहराने त्यांच्या संघटनेस दिला. अमेरिकेत असा अधिकार मिळविणारी ती पहिलीच रहिवासी संघटना होय.

ही जमीन विकून टाकण्यात आली नाही. ती लोकांच्या विश्वस्त संस्थेकडे राहिली. घर कुटुंबाच्या मालकीचे, परंतु त्याखालील जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, अशी व्यवस्था झाली. घर विकताना किंमतीस मर्यादा असते. त्यामुळे आसपासचे भाव चढले तरी ही घरे सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात राहतात. एरवी सुधारणेबरोबर भाव वाढतात आणि ज्यांनी वाईट दिवस सोसले त्यांनाच घर सोडावे लागते.

शिक्षकांस सूचना : फळ्यावर ‘घर’ व ‘जमीन’ असे दोन रकाने पाडून प्रत्येकाची मालकी कोणाकडे, हे मुलांकडून वदवून घ्यावे. नंतर गावठाणातील पडीक जागांचा नकाशा मुलांकडून काढवावा व त्या जागांचा पूर्वीचा उपयोग वृद्धांकडून विचारून टिपण्यास सांगावे.

प्रश्न :
१. रहिवाशांनी सभेत विचारलेला प्रश्न महत्त्वाचा का ठरला?
२. घराबरोबर जमीनही विकली असती, तर पुढे काय झाले असते?
३. आपल्या गावातील एका पडीक जागेचा उपयोग ठरविताना कोणाकोणास विचारावे लागेल?