अबोलीच्या नादाला लागायचं तर

१. फूल उपसावं, तुरा मोडू नये. अबोलीच्या हिरव्या तुऱ्यावर फुलं खालून वर, रोज थोडी थोडी उमलतात. पाकळ्यांखालची बारीक नळी चिमटीत धरून ओढली की फूल अलगद सुटतं. तुराच खुडणाऱ्या पाहुणीला आमच्याकडे पुन्हा परडी मिळत नाही.

२. वळेसर, म्हणजे गजरा, करायला शिवणाचा दोरा घेऊ नका. या फुलाची नळी इतकी नाजूक, की दोरा तिला कापतो. वाळलेलं केळीचं सोपट पाण्यात भिजवावं, नखाने त्याचे धागे सोलावेत. दोन फुलं या बाजूला, दोन त्या बाजूला, नळ्या एकमेकींवर. धाग्याचा वेढा, फास, आणि फास बोटाने मागे सारायचा. घट्ट आवळला तर फुलं मान टाकतात, सैल राहिला तर डोक्यात माळेपर्यंत निम्मी गळतात. हा अंदाज सांगून येत नाही, आजीशेजारी बसूनच येतो.

३. वास नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लग्नघरात जावं. रात्री माळलेली जुई सकाळी मलूल होते. अबोली दुसऱ्या दिवशीही टवटवीत. म्हणून वेण्या आदल्या रात्रीच करून ठेवता येतात. कोकणात, गोव्यात आणि खाली कर्नाटक-तमिळनाडूतही तिला मान आहे तो या टिकाऊपणामुळे आणि रंगामुळे. सुगंध हवाच तर मध्ये मरवा घाला. जरीची प्लास्टिकफीत मात्र नको, माझ्या डोळ्यांना ती खुपते.

४. बी आपणहून पडतं. वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडतडत फुटतात आणि बी लांब उडतं. पुढे खळ्याच्या कडेला, पायरीच्या फटीत रोपं दिसतात. ती तिथून हलवायची, एवढंच काम.

५. पाणी घालूनही झाड पिवळं पडून खुरटलं, तर उपटून मुळं बघा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. अबोलीचा हा जुना वैरी. त्या जागी आधी झेंडू लावावा, मग पुन्हा अबोली.

६. बाजारातल्या ‘दिल्ली’ जातीची फुलं भरघोस, गडद केशरी. पण तिला बी धरत नाही. ती हवी असेल तर फांदीच लावावी लागते, आणि ती मिळते ओळखीपाळखीतून.