क्रॉसिंगच्या नादात स्थलांतर हुकतं

पूर्व आफ्रिकेतलं विल्डबीस्टचं स्थलांतर पाहायला निघालेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: मारा नदी, काठावरून धडाधड उड्या घेणारी हजारो जनावरं आणि पाण्यात टपून बसलेल्या मगरी. सहलींच्या जाहिराती हेच चित्र दाखवतात. हिरमुसून परतणाऱ्यांची तक्रारही तीच असते, की इतके पैसे मोजले आणि क्रॉसिंग काही दिसलं नाही. अशा वेळी लोक नशिबाला बोल लावतात. मला विचाराल तर दोष आखणीचा असतो. स्थलांतर म्हणजे नदी ओलांडणं, असं गृहीत धरून आखलेली सहल बहुधा फसते. नाही फसली, तर ज्या जनावरांसाठी आपण एवढ्या लांब जातो, त्यांच्याच वाटेत ती आडवी येते.

मुळात सेरेंगेटी आणि मसाई मारा हा एकच सलग गवताळ प्रदेश आहे, मधली सीमा तेवढी माणसांची. टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे 14,763 चौरस किलोमीटरचं, तर केनियातलं मसाई मारा राखीव क्षेत्र जेमतेम 1,510 चौरस किलोमीटरचं. हवाई पाहण्यांवरून इथल्या विल्डबीस्टची संख्या 13 लाखांच्या आसपास धरली जाते. सोबत झेब्रे आणि गॅझेल हरणं असतात, ती वेगळीच. हा सगळा लवाजमा वर्षभर पावसामागे फिरतो. डिसेंबर ते मार्च तो दक्षिणेला, नदुतूच्या बाजूच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतो. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. त्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असतं आणि दुभत्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात कळप पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे सरकू लागतात, जूनच्या सुमारास ग्रुमेती नदीच्या भागात पोचतात आणि दक्षिणेतलं पाणी आटलं की जुलै ते ऑक्टोबर बारमाही मारा नदीच्या आसऱ्याला येतात. नोव्हेंबरमध्ये छोटा पाऊस लागला की पुन्हा दक्षिणेची वाट. आषाढी वारीत पालखीचा कुठला मुक्काम कोणत्या दिवशी, हे आधीच छापता येतं. इथे तसं काही नसतं. एका बाजूला वळीव कोसळला की कळप तिकडे वळतात आणि छापील तारखा कागदावरच राहतात.

नदीकाठी तर अनिश्चितता आणखी वाढते. कळप काठावर जमतो, धुरळा उठतो, मागची जनावरं पुढच्यांना रेटत राहतात. पुढची चार-सहा उतरणीवरून पाण्यापर्यंत जातात, हुंगतात, थबकतात. मग एखादा झेब्रा बिचकतो आणि सगळा कळप उलटा फिरून माळावर चरायला लागतो. असं दिवसभर चालू शकतं. जे कळप आज पलीकडे गेले, ते पलीकडच्या गवताप्रमाणे थोड्या दिवसांत अलीकडेही येतात. म्हणून ‘अमुक आठवड्यात क्रॉसिंग हमखास’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आपल्याकडच्या अनेक सहलींत एकाच आठवड्यात अंबोसेली, नैवाशा आणि मारा उरकतात आणि माराच्या वाट्याला दोन रात्री येतात. त्यात नैरोबीहून माराचा रस्ता पाच-सहा तासांचा. नदीकाठी थांबायला उरतो तो एखादा दिवस, आणि तोही घड्याळाकडे बघत. क्रॉसिंगच बघायचं असेल, तर बाकीची ठिकाणं गाळून मारा किंवा उत्तर सेरेंगेटीत चार-पाच रात्री काढाव्यात. खर्चाचाही अंदाज आधी घ्यावा. 2024 पासून मसाई मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून 100 आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर शुल्क पडतं, तेही 12 तासांसाठी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आयुष्यात एकदा जायचं, एवढा खर्च करायचा, मग सर्वांत थरारक तेच का बघू नये? जरूर बघावं. पण त्या थराराची किंमत कोण मोजतं, तेही बघावं. कुठेतरी कळप जमल्याची खबर ड्रायव्हरांच्या रेडिओवर गेली की दूरदूरच्या गाड्या तिकडे धावतात. पलीकडे चढायला सोपा उतार जिथे असतो, नेमक्या तिथेच फोटोसाठी गाड्या दाटीवाटीने उभ्या राहतात. पुढच्या जनावरांना बाहेर पडायला वाट उरत नाही आणि मागून रेटा चालूच असतो. 2025 च्या जुलैमध्ये उत्तर सेरेंगेटीतल्या कोगाटेंडे भागात पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिल्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या. यावर कोणी म्हणेल, ती जनावरं एरवीही बुडतातच की. खरं आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार मारा नदीत दर वर्षी सरासरी 6,250 विल्डबीस्ट बुडतात. त्या मृतदेहांवर मासे, मगरी, गिधाडं पोसली जातात आणि हाडं सुमारे सात वर्षं नदीला खनिजं पुरवत राहतात. पण हा नदीचा आणि कळपाचा आपसातला हिशेब झाला. प्रवाहात वाहून जाणं वेगळं आणि चढायच्या जागी जीप उभी असल्यामुळे पाण्यात अडकणं वेगळं. पहिल्याकडे बोट दाखवून दुसऱ्याचं समर्थन करता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पर्यटकांच्या पैशावरच ही अरण्यं टिकली आहेत, मग गर्दीला नावं का ठेवायची? पैसा लागतो, यात वादच नाही. कळपांना खरा धोका मगरींपासून नसून कुंपणं, शेती आणि आटत्या पाण्यापासून आहे. केनियातल्या लोइटा मैदानांवर आणि मारात मिळून फिरणारे विल्डबीस्ट 1977 मध्ये 1 लाख 19 हजार होते. 1997 पर्यंत ते 22 हजारांवर आले, कारण त्यांच्या चरण्याच्या जमिनी गव्हाच्या शेतीखाली गेल्या. मारा नदीचा उगम असलेलं माउ जंगलही तुटत आलं आहे. पण पैसा गर्दीतूनच येतो असं नाही. मसाई माराला लागून असलेल्या खासगी राखीव क्षेत्रांत, म्हणजे कॉन्झर्वन्सींत, मसाई कुटुंबांना आपली जमीन मोकळी ठेवण्याचं भाडं मिळतं आणि तिथे मुक्कामांवर, गाड्यांवर मर्यादा असते. तिथे राहिलेल्या पाहुण्याचा पैसा थेट कुंपणाच्या विरोधात कामी येतो.

स्थलांतर बघायचं तर आधी हंगाम निवडावा, मग ठिकाण. माझी शिफारस फेब्रुवारीतल्या दक्षिण सेरेंगेटीची. तेव्हा तिथे बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत वितात. ओलं वासरू थरथरत उभं राहतं, पडतं, पुन्हा उठतं आणि काही मिनिटांत आईच्या मागे पळू लागतं, कारण तरस आणि चित्ते जवळच असतात. एकाच वेळी इतकी वासरं जन्मतात की शिकाऱ्यांना सगळी खाता येत नाहीत, आणि कळपाचा निभाव त्यावरच लागतो. मुलांच्या शाळेमुळे मे महिन्यातच जाता येत असेल, तर कळप मारात भेटतील ही आशा सोडावी. सिंह, चित्ते, हत्ती मात्र तिथे बारा महिने असतात. दिवाळीच्या सुट्टीत कळप परतीच्या वाटेवर असतात, त्यामुळे जायच्या जरा आधी चौकशी करून मुक्काम ठरवावा. केनियाला जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, परतताना त्याचं प्रमाणपत्र लागतं. पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा, की एका ठिकाणी किती रात्री आणि एका गाडीत किती माणसं. आणि नदीकाठी पोचल्यावर ड्रायव्हरला स्पष्ट सांगा, की गाडी मागे ठेव, उतार मोकळा सोड, क्रॉसिंग नाही दिसलं तरी चालेल. तो बऱ्याचदा पाहुण्यांच्या आग्रहापोटी आणि बक्षिसीच्या आशेने गाडी पुढे घालतो. तेव्हा ती मागे ठेवायला सांगणं हे पाहुण्याचंच काम आहे.