डोळा लाल नाही, मग तपासणी कशाला?

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. अंगावर बारीक पुरळ, मनगटं सुजलेली. सार्कॉइडोसिसचं निदान झालंय. डोळे लाल नाहीत, दुखत नाहीत. तरी दर तीन महिन्यांनी डोळे का तपासायचे? – एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, दुखत नाही हीच तर भीती. लहानग्यांच्या सार्कॉइडोसिसमध्ये त्वचा, सांधे आणि डोळे हे त्रिकूट असतं. डोळ्याच्या आतली सूज, म्हणजे युव्हिआयटिस, अनेकदा गुपचूप वाढते. स्लिट लॅम्पच्या प्रकाशात पेशी कवडशातल्या धुळीसारख्या तरंगताना दिसतात; घरी आरशात त्या दिसणार नाहीत. उशीर झाला तर बाहुली भिंगाला चिकटून वेडीवाकडी होते, मोतीबिंदू किंवा काचबिंदू होतो.

सिव्हिलच्या नेत्रविभागात दाखवा. आपल्याकडे क्षयरोगाची शंका आधी फेडावीच लागते, त्या चाचण्यांना कंटाळू नका. असा आजार वयाच्या पाच वर्षांच्या आत सुरू झाला असेल तर एनओडी२ जनुकाची तपासणी विचारा. सार्कॉइडोसिससारखाच दिसणारा, जनुकातून येणारा ब्लाऊ सिंड्रोम त्यात कळतो. स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका, त्यांनीही डोळ्यातला दाब चढतो. सूज दबत नसेल तर मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅडालिम्युमॅब देतात. मुलगी टीव्हीजवळ सरकायला लागली, तर तारखेची वाट पाहू नका.