गेम फुकट, मग पैसे कुठे गेले?

ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमधला हिशेब पोराटोरांना पाठ होता: एक नाणं, एक डाव. हरलात की उठा, मागचा खोळंबलाय. पुढे टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी आल्या. वर '९९९९ गेम्स' छापलेलं आणि आत तेच ते डझनभर खेळ फिरून फिरून. पण गंडवागंडवी तिथंच संपायची. कॅसेट घेतली की मारिओ हवा तितका खेळा, वाटलं तर मित्राशी अदलाबदल करा. दाम आधी, खेळ नंतर.

तो क्रम आता उलटलाय.

नवी मुंबईतल्या कंपनीचा 'लुडो किंग' चकटफू, कारण मधूनमधून जाहिराती दिसतात. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव. ते संपले की नवा जीव मिळायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. 'बीजीएमआय'मध्ये पोशाख आणि बंदुकीचे रंग विकले जातात. त्यानं नेम सुधारत नाही, तरी ते खपतात. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये तर हवं ते पात्र थेट विकतच मिळत नाही. सोडत काढत बसायचं. या सोडतीच्याच प्रकारातल्या, आत काय निघेल ते न सांगणाऱ्या पेट्यांना बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये जुगार ठरवलं.

माझ्या बहिणीच्या घरी हा प्रकार उघडकीला आला तो बँकेच्या मेसेजांमुळे. कधी ऐंशी-नव्वद रुपये, कधी चारशे-साडेचारशे. तिला वाटलं रिचार्ज असेल, नाहीतर दूधवाल्याचं बिल. भाचा तिच्याच फोनवर खेळायचा, ओटीपीही त्याच फोनवर यायचा, आणि किराणा आणता आणता यूपीआयचा पिन त्याला कधीच ठाऊक झालेला. त्याच्या लेखी तो रुपये खर्चतच नव्हता, 'डायमंड' खर्चत होता. खरी मेख इथंच आहे. रुपयाचं एकदा डायमंड केलं की किंमत डोळ्यांआड होते. शिवाय डायमंड ठरावीक गठ्ठ्यांतच मिळतात. वस्तू घेऊन थोडे उरतात आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा गठ्ठा घेतला जातो. त्या पोरावर ओरडण्यात मला तरी अर्थ दिसला नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 'फोर्टनाइट'मध्ये बटणांची रचनाच अशी होती, की एक बटण दाबलं जाऊन नको असलेली खरेदी व्हायची. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या कारवाईनंतर २०२२ मध्ये एपिक गेम्सनं ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

आपल्याकडे पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ती रमी असो की फँटसी क्रिकेट, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला. त्यामुळे व्हॉट्सॲपवर कुणी 'खेळा आणि कमवा' म्हणून लिंक धाडली तर ती उघडूच नये. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. डायमंड, पोशाख यांची विक्री हा मात्र वेगळा प्रकार. ती राजरोस चालू आहे.

म्हणून गेम उतरवण्याआधी स्टोअरच्या पानावर 'इन-ॲप पर्चेसेस' हे शब्द आहेत का ते पाहावं. प्ले स्टोअरवर तिथंच किमान आणि कमाल रक्कमही दिलेली असते. दर खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग चालू करावी, मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनमधलं कार्ड काढून टाकावं आणि पिन बदलावा. खरेदी चुकून झाली तर प्ले स्टोअरकडे ४८ तासांच्या आत परतावा मागणं सोपं जातं. संगणकावर 'स्टीम'वरून घेतलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, मात्र तो दोन तासांपेक्षा कमी खेळलेला हवा. आणि दरमहा वर्गणी असेल तर नुसता गेम डिलीट करून ती थांबत नाही. स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ती रद्द करावी लागते, आणि यूपीआय ॲपमधली 'ऑटोपे'ची यादीही एकदा उघडून बघावी.